वर जा, रेडिएटर मोजा

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. वाफेची, बिडाची, अठ्ठ्याण्णव वर्षांची. बर्फाच्या मुलखातल्या फॉल रिव्हर गावात, टेकडीवरच्या उतरत्या रस्त्याला आरुदांचं दुमजली लाकडी घर आहे, त्याच्या तळघरात मी उभी आहे. उभी आहे म्हणते, कारण जिवंत आहे असं म्हणवत नाही. माझे पाईप कापलेत. माझ्या जागी दुसरी आणून बसवली आहे. मला बाहेर काढायचा कंटाळा आला म्हणून कोपऱ्यात ठेवलंय. माझ्या अंगावरचं जुनं पांढरं आवरण विषारी, ते हलवायला म्हणे वेगळी माणसं लागतात, तोंडाला फडकी बांधलेली. राहू द्या. उभं राहून बघायला मिळतंय, तेही काही कमी नाही.

माझ्या दारावर माझ्या मापाची अक्षरं ओतलेली आहेत म्हणे, पण ती मला वाचता येत नाहीत. कारखान्यात मला शिकवलं नाही, ओतलं. शिकले ते पाण्याकडून आणि आगीकडून.

माझं काम साधं होतं. माझ्या पोटात पाणी, खाली आग. पाण्याची वाफ व्हायची, आणि वाफ आपली आपण वर चढायची. तिला ढकलायला ना पंप, ना पंखा. प्रत्येक खोलीत खिडकीखाली एक बिडाचा रेडिएटर बसलेला असतो, फासळ्या दिसणाऱ्या म्हाताऱ्या बैलासारखा. वाफ त्याच्या फासळ्यांत शिरते, खोलीला ऊब देते, आणि दमली की पाणी होऊन त्याच वाटेने माझ्याकडे परत येते. सासरी गेलेली लेक सणाला माहेरी यावी तशी.

मला या घरात आणलं ते तिबोदो नावाच्या कारागिराने. कॅनडाकडचा, मिशीवाला, कमी बोलणारा. मला मागवण्याआधी तो घरभर फिरला. प्रत्येक खोलीत गुडघे टेकून बसला आणि रेडिएटरच्या फासळ्या बोटाने मोजल्या. चौदा रेडिएटर होते. सगळ्यांची बेरीज करून त्याने माझं माप ठरवलं. जेवढी खाणारी तोंडं, तेवढी चूल. इतकी साधी गोष्ट, आणि तीच लोक विसरतात. माझे आठ तुकडे तळघराच्या दारातून एकेक करून आत आले आणि इथेच मला जोडलं. आख्खी मी कुठल्याही दारातून कधी गेले नाही. आधी कोळसा खाल्ला, मग तेल. एकही हिवाळा चुकवला नाही.

देओलिंदा आरुदा या घरात आली तेव्हा ती वीस वर्षांची होती. साव मिगेल या दूरच्या बेटावरून, नवऱ्याबरोबर, कापडाच्या गिरणीत कामाला. शाळा तिने तीन वर्षं पाहिली आणि ती पुरे झाली असं ठरवलं. तिचं वरचं स्वयंपाकघर चकचकीत आहे. त्यात आजपर्यंत कांदा परतलेला नाही. तिच्या लोकांची तीच रीत, वरचं बघायला, खरा स्वयंपाक तळघरात. म्हणून तिची खरी चूल, तिचं मोठं टेबल आणि मी, आम्ही तिघं एका खोलीत राहिलो. पन्नासाहून जास्त वर्षं मी तिच्या हातच्या सूपाचा वास घेतला. केल नावाची पालेभाजी, बटाटा, लाल सॉसेज. चार माणसं जेवायला येणार असली की बारांचं शिजवायची. कोणी हसलं तर म्हणायची, "भांडं रिकामं दिसलं तर लाज माझी जाते, तुझी नाही."

दर शनिवारी ती माझ्या पोटातलं गढूळ पाणी बादलीभर काढायची आणि काचनळीत पाणी कुठपर्यंत आहे ते बघायची. "आधी हिचं, मग तुझं," असं नवऱ्याला सांगायची. तेव्हा मला कोण अभिमान! अभिमानाचं सांगते आहे ते लक्षात ठेवा, पुढे तोच नडला.

पण घर बदलत गेलं. वरच्या दिखाऊ स्वयंपाकघरात कपाटं हवी होती, तिथला रेडिएटर गेला. व्हरांडा बंद केला, तिथले दोन गेले. जिन्याखालचा गेला. माळ्यावरचे दोन नवऱ्याने भंगारवाल्याला दिले. चौदाचे आठ झाले. आठ! आणि मी चौदांसाठी बांधलेली. शेवटची वीस वर्षं मी मोठीच होते त्या घराला. जास्त तेल खायचे, लागते त्याहून जास्त वाफ करायचे. पण माझं बीड जुनं, जाड, सावकाश तापणारं, म्हणून ते झाकून गेलं. मी कोणाला सांगितलं नाही. मोठी म्हणून मिरवायला कोणाला आवडत नाही?

नवरा गेल्यावर देओलिंदाने बेटावरून तिच्या थोरल्या बहिणीला आणलं. इदालिना. हाडं काडीसारखी, जीभ सुरीसारखी. तिला मागची खोली दिली, कारण तिथून नदी दिसते आणि तिला पाणी दिसल्याशिवाय झोप येत नाही. ती खोली उत्तरेची. माझ्यापासून सगळ्यात लांबचा पाईप तिथे जातो.

इदालिनाची मुलगी लुर्देस शेजारच्या न्यू बेडफर्ड गावात असते. तिला आई वृद्धाश्रमात हवी होती, तिथे नर्स असते म्हणून. आमच्या तळघरातल्या टेबलावर या तिघींचं बोलणं झालं.

"मावशी, तूही शहात्तरची आहेस. तुला काही झालं तर?"

"मला काय होतंय? तुझी आई माझ्या घरात राहील. तिला उपाशी ठेवणार नाही, गारठ्यात ठेवणार नाही. माझा शब्द."

"ठीक. पण एक तक्रार आली ना, मी तिला घेऊन जाईन."

"तक्रार?" इदालिना म्हणाली. "हिच्या घरात तक्रार करायची माझी छाती आहे का?"

सगळ्या हसल्या. पण इदालिनाने माझ्याकडे एकदा बघितलं. मी ते पाहिलं.

दोन वर्षं मी तो शब्द राखला. मग गेल्या ऑक्टोबरात, थंडीचा पहिला जाळ केला त्या दिवशी, माझ्या तिसऱ्या तुकड्याला तडा गेला. तांबडं पाणी फरशीवर पसरलं. देओलिंदा फडकं घेऊन बसली आणि पुसत राहिली, जणू काही सांडलं आहे. शेवटी तिच्या मुलाने, नोर्बेर्तोने, दोन कारागिरांना बोलावलं.

पहिली आली ती नोरीन कीर्नन. पन्नाशीची बाई, गुडघ्यांवर चामड्याची ठिगळं, कानामागे पेन्सिल. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "वर जाऊ?"

"वर कशाला? आजारी आहे ती इथे आहे," देओलिंदा म्हणाली.

"आजारी इथे आहे, आरुदाबाई, पण खाणारी तोंडं वर आहेत."

ती वर गेली. पाईप जिथून वर चढतात त्या भोकांतून मला सगळं ऐकू येतं. खोलीखोलीत गुडघे टेकल्याचा आवाज, आणि मागून देओलिंदाची कटकट: "माझ्या पलंगाखाली काय शोधते आहे ही? अंथरूण आज बदललं नाही, आणि ही वाकून बघते!" तिबोदो गेल्यावर इतक्या वर्षांत कोणी फासळ्या मोजल्या नव्हत्या.

खाली येऊन नोरीनने वही टेबलावर ठेवली. "आठ रेडिएटर. या जुनीच्या निम्म्याहून थोडी मोठी पुरेल. एवढी." आणि तिने हात कमरेपर्यंत धरला.

देओलिंदा त्या हाताकडे बघत राहिली. "ही काय बाहुलीच्या घराला आहे का?"

"तुमच्या घराला आहे."

"बाई, मी चार माणसांना बोलावते तेव्हा बारांचं शिजवते."

"उरलेलं सूप उद्या खाता येतं," नोरीन म्हणाली. "उरलेली वाफ उद्याला ठेवता येत नाही. ती जायला जागा शोधते, आणि जागा नसली की भट्टी बंद पडते. पुन्हा लागते, पुन्हा बंद. जवळच्या खोल्या भाजतात आणि लांबची गार राहते."

टेबलाच्या टोकाला इदालिना वाटाणे सोलत होती. "ती बरोबर बोलते आहे गं. दोन कोंबड्यांसाठी बैलाचा गोठा कोण बांधतं?"

"ताई, तू वाटाणे सोल."

"सोलते. पण कोंबडी मी आहे, म्हणून बोलले."

दुसऱ्या दिवशी दिनीस आला. समोरच्या ओदेतचा जावई. ओदेतच्या तळघरात त्याने गेल्याच वर्षी भली मोठी नवी भट्टी बसवली होती, आणि ओदेत ती पाहुण्यांना दाखवायची, पाळण्यातलं बाळ दाखवतात तशी. दिनीस वर गेला नाही. त्याने बॅटरी पेटवली, माझ्या दारावरच्या अक्षरांवर मारली आणि आकडा वहीत उतरवला.

"वर नाही बघायचं?" देओलिंदाने विचारलं. तेवढं तरी विचारलं तिने, हे मी तिच्या बाजूने सांगते.

"कशाला, मावशी? सगळं इथे लिहिलंय की. हिच्याएवढीच बसवू. नाहीतर असं करू, एक नंबर वरची घेऊ. कमी पडायला नको."

"कालची बाई म्हणाली, निम्मी पुरे."

"निम्मी?" दिनीस हसला आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "ही बघा काय भक्कम बाई होती! हिच्या जागी निम्मी? लोक म्हणतील, आरुदांचं घर उतरलं."

देओलिंदाने पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि म्हणाली, "याला म्हणतात माणूस."

आणि मित्रांनो, आता माझी लाज सांगते. त्याने थाप मारली तेव्हा मला बरं वाटलं. माझ्या जागी कमरेएवढी चिमुरडी येणार नाही, माझ्या तोडीची येईल, म्हणून मी सुखावले. माझ्या दारावरचा आकडा चौदा रेडिएटरांचा होता. वर आठ होते. हे मला पक्कं ठाऊक होतं. तडा गेलेल्या पोटाने मी काय ओरडणार होते, असं तुम्ही म्हणाल. पण ओरडता आलं असतं तरी मी त्या दिवशी ओरडले नसते.

नोरीनला फोन करून नाही म्हणून कळवलं. फोनवर ती काय म्हणाली ते देओलिंदाने बहिणीला वेडावून दाखवत सांगितलं: "म्हणते, लहान पडेल याची भीती सगळ्यांना वाटते, मोठी पडेल याची कोणालाच वाटत नाही. चुरुचुरु बोलायला पैसे पडत नाहीत तिला."

"नाकापेक्षा मोती जड झाला की नाकच फाटतं," इदालिना म्हणाली. देओलिंदाने ऐकलं नाही असं दाखवलं.

नोव्हेंबरात नवी आली. निळी, उंच, गुळगुळीत. तिचं तोंड उघडलं की वाघासारखी गुरगुरायची. पहिल्या दिवशी देओलिंदाने ओदेतला खाली बोलावून दाखवली. "ताकद बघ!" ती म्हणाली, आणि त्याच वेळी पाईपांत ठण्‌ ठण्‌ ठणाण्‌ असा आवाज सुरू झाला, जणू भिंतीत कोणी लोहार कोंडला आहे. इतक्या जोराने वाफ सुटायची की परतणाऱ्या पाण्यालाच उचलून पाईपांवर आपटायची. ओदेत म्हणाली, "आमचीही वाजते. मोठी असली की वाजणारच." दोघींनी माना डोलावल्या.

घरातली ऊब किती झाली हे ओळखणारी छोटी पेटी जेवणाच्या खोलीत आहे. ती खोली भट्टीच्या डोक्यावरच. नवी पेटली की ती खोली चुटकीसरशी तापायची, पेटी म्हणायची पुरे, आणि नवी विझायची. तोवर वाफ मागच्या खोलीच्या वाटेवर अर्ध्यातच असायची. तिथल्या रेडिएटरच्या पहिल्या दोन फासळ्या कोमट व्हायच्या आणि बाकीच्या गार. मी पेटत होते तेव्हा सावकाश चढायचे, सगळ्यांना पोचून मग दम घ्यायचे. ही धावत निघायची आणि उंबऱ्यातच बसायची. दोष तिचा नव्हता. तिला जे माप दिलं ते तिने निभावलं. माप चुकलं ते तिचं नव्हे.

"ऊब आहे ना गं वर?" देओलिंदा विचारायची.

"ताकद खाली आहे, मी वर आहे," इदालिना एकदा म्हणाली. एकदाच. त्यानंतर ती बोलली नाही. दिवसभर खाली टेबलापाशी दोन शाली घेऊन बसायची आणि झोपायला वर जायची. लुर्देसचा फोन आला की मोठ्याने सांगायची, "मजेत आहे! उकडतंय उलट!" एक तक्रार आली की घेऊन जाईन, हे तिला पाठ होतं. म्हणून तिने तक्रार गिळली. थंडी आणि तक्रार, दोन्ही एका छातीत.

आणि देओलिंदाला कळत नव्हतं का? कळत होतं. दोनदा तिने नोरीनच्या फोनचा कागद हातात घेतला आणि दोनदा डब्याखाली ठेवला. त्या बाईला बोलावणं म्हणजे आपण चुकलो म्हणणं. त्याऐवजी तिने दिनीसला बोलावलं.

"पेटी वाढवा, मावशी," तो जिन्यावरूनच म्हणाला. खाली उतरलासुद्धा नाही.

पेटी वाढवली. जेवणाची खोली इतकी तापली की जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, तिथली खिडकी उघडावी लागली. तिथून ऊब रस्त्यावर जात होती, आणि मागच्या खोलीत म्हातारी लोकरीची टोपी घालून झोपत होती. तेलाची गाडी वेळेआधी यायला लागली. मी कोपऱ्यातून हे बघितलं. माझ्या अंगावर धूळ बसत होती, आणि माझी लाज झाकायला मला ती कमीच वाटत होती.

फेब्रुवारीत इदालिनाची छाती भरली. दवाखान्यात नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी लुर्देस आली, पण आईला घेऊन नाही, आईचे कपडे न्यायला. ती मागच्या खोलीत गेली, आणि भोकातून मला सगळं ऐकू आलं. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग रेडिएटरच्या फासळ्यांवरून हात फिरवल्याचा. मग ती म्हणाली,

"मावशी, हा गार आहे."

"आत्ताच बंद झाली. येईल वाफ."

"थांबते."

दोघी थांबल्या. माझ्या शेजारी नवी गुरगुरली, पाईप वाजले, पेटी म्हणाली पुरे, नवी विझली.

"किती वेळ थांबू, मावशी?"

देओलिंदा, जिने आयुष्यात कोणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही, तिने रेडिएटरची कळ फिरवून पाहिली. मग म्हणाली, "तिने मला सांगितलं नाही."

"मलाही नाही सांगितलं. तुझ्या शब्दासाठी नाही सांगितलं."

पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. जिना उतरतानाची पावलं एकटीची होती.

मार्चमध्ये देओलिंदाने स्वतः नोरीनला फोन केला. नोरीन आली. वर गेली, पुन्हा गुडघे टेकून मोजलं, खाली येऊन नवीसमोर उभी राहिली. टोमणा मारायचा तिला हक्क होता. तिने मारला नाही. ते देओलिंदाला जास्त लागलं असावं.

"लहान कर हिला," देओलिंदा म्हणाली. "काय कापायचं ते काप."

"बीड आहे, आरुदाबाई, पाव नाही. हिच्या तोंडाला तेल जरा कमी करता येईल, तेही थोडंच. लांबच्या रेडिएटरला हवा सोडणारी मोठी शिटी लावते, म्हणजे वाफ तिकडे आधी जाईल. पण माप ते मापच."

तिने दिवसभर काम केलं. आणि मित्रांनो, महिनाअखेर त्या मागच्या खोलीतल्या शेवटच्या फासळीपर्यंत ऊब पोचली. पुरेशी नाही, पण पोचली. देओलिंदाने वर जाऊन सगळ्या फासळ्यांवरून हात फिरवला आणि खाली येऊन लुर्देसला फोन लावला.

"खोली तापली. घेऊन ये तिला."

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. देओलिंदाचं ऐकू आलं. "वृद्धाश्रमात जागा मिळाली म्हणजे काय? ती काय बसची सीट आहे?" आणि मग, "बरं." एवढंच. "बरं."

आता रविवारी ती सूपाचा डबा घेऊन न्यू बेडफर्डला जाते. परत आली की टेबलापाशी बसून रिकाम्या खुर्चीला सांगते, कारण सांगायला दुसरं कोणी नाही. तिथे म्हणे सगळ्या खोल्या सारख्या तापलेल्या असतात. ताईला इतकं उकडतं की ती खिडकी उघडा म्हणते, आणि तिथल्या खिडक्या उघडत नाहीत. नदी दिसत नाही. गाड्या लावायची जागा दिसते.

परवा नोर्बेर्तो आला होता. वर फिरून खाली आला आणि म्हणाला, "आई, मागच्या खोलीतला रेडिएटर मी बंद करून टाकला. तिथे कोण आहे आता? उगाच तेल जाळायचं."

आठाचे सात झाले. त्या निळ्या हत्तिणीला खायला घालायला आणखी एक तोंड कमी. लगेच दुसऱ्या दिवशी पाईप पुन्हा वाजायला लागले. देओलिंदा बटाटा चिरत होती. तिने सुरी थांबवली, वर बघितलं आणि पुन्हा चिरायला लागली. बारांसाठी नाही. एक बटाटा, अर्धा कांदा.

मित्रांनो, तुमच्या घरातही एक दिवस माझ्यासारखं काहीतरी मरेल आणि त्याच्या जागी नवं आणावं लागेल. तेव्हा जुन्याच्या पाठीवर थाप मारणाऱ्याचं ऐकू नका. माझ्या दारावर काय लिहिलंय ते वाचू नका, मलासुद्धा ते कधी वाचता आलं नाही आणि ते केव्हाच खोटं झालं होतं. शेजारणीकडे केवढी आहे ते बघू नका. गुडघे टेका आणि मोजा. जो मोजायला वर जात नाही त्याला जिन्यावरूनच परत पाठवा. आणि मोजायला सुरुवात करण्याआधी एवढं विचारा, की सगळ्यात लांबच्या खोलीत कोण झोपतं. ते माणूस स्वतः सांगणार नाही.